ईयोब वाच, असं मला मराठीच्या सरांनी सांगितलं

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या माणसाची कॉलेजच्या वयातली श्रद्धा आणि उतारवयातली श्रद्धा यात काय फरक पडतो, आणि महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणून जगताना काळ बदललाय असं वाटतं का?

मी आता चौसष्ट वर्षांचा आहे. सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही, वसईच्या कॅथलिक माणसाचं उत्तर वेगळं असेल. मी नगरकडचा प्रॉटेस्टंट, माझ्यापुरतं सांगतो.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं, पुढं आमच्या तालुक्यात वडाळ्याला मिशनचं ठाणं झालं, आणि तिथल्या शाळेत माझ्या पणजोबांनी पहिल्यांदा हातात पाटी धरली. गावच्या विहिरीवर पणजोबांना स्वतःच्या हातानं पाणी शेंदता येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

वडील मास्तर होते. पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, महिन्यातनं एकदा यायचे, बाकीच्या आयतवारी भक्ती वडीलच चालवायचे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक पेटी, दोन टाळ आणि एक डफ. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं आम्ही गावातल्या भजनाच्याच चालीवर म्हणायचो. भक्ती संपली की एकमेकांना सलाम करायचा, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि घरी जाऊन भाकरी खायची. देव आहे की नाही असा प्रश्न घरात कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

आजी मोठेपणी अक्षरं शिकली होती. तिला बायबलातलं तेविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं, ज्यात दाविदानं देवाला मेंढपाळ म्हटलंय. सुगी झाली की आमच्या वावरात धनगर मेंढ्या बसवायचे, खतासाठी. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत शे-दीडशे मेंढ्या. एकदा रात्री आजीनं मला झोपेतून उठवून तिकडं नेलं. कंदिलाच्या उजेडात एक मेंढी नुकतीच व्यालेली होती. धनगरानं ते ओलं कोकरू घोंगडीच्या घोळात घेतलं, छातीशी धरलं आणि आपल्या तोंडाच्या वाफेनं त्याचे कान गरम करत बसला. मेंढी त्याच्या गुडघ्याला नाक लावून उभी. आजी एवढंच म्हणाली, "बघून ठेव." मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. त्या स्तोत्रावर पुढं कितीतरी प्रवचनं ऐकली, पण मला ते कळलंय ते त्या रात्री.

1979 साली मी अहमदनगर कॉलेजात एफवायबीएला आलो. हे कॉलेज 1947 साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढलं. ते स्वतः मराठी ख्रिस्ती, पण वर्गात आम्ही ख्रिस्ती मुलं मूठभरच होतो. बाकी पोरं जामखेड, पाथर्डी, शेवगाव, पारनेरकडची, शेतकऱ्यांची. मुसलमान होती, मारवाडी होती. दुष्काळात वाढलेली ही सगळी पिढी. 1972 ला मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्लेली. त्यामुळं वसतिगृहात कुणी ताटात काही टाकत नसे, आणि कोण कुठल्या धर्माचा हे विचारायच्या आधी कुणाच्या घरून डबा आलाय हे विचारलं जायचं.

माझा खोलीतला सोबती पाथर्डी तालुक्यातला, माळकरी. पहाटे उठून हरिपाठ म्हणायचा, तोही पुटपुटत, मला जाग येऊ नये म्हणून. आयतवारी मात्र मला हलवून उठवायचा. "अरे ऊठ, तुझी भक्ती हाय ना आज?" मी एखादा आयतवार चुकवला तर त्याला माझ्यापेक्षा जास्त चुटपुट लागायची. त्याचं म्हणणं, देवाची वेळ ठरली असली की चुकवू नये, मग देव कुठला का असेना.

एसवायला होतो तेव्हा वडील गेले. कावीळ झाली, आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग दवाखाना. तीन गावांतली मंडळी आमच्या ओट्यावर बसून प्रार्थना करत होती. मी नवव्या दिवशी रात्रभर गुडघ्यांवर होतो. पहाटे वडील गेले. वय सेहेचाळीस.

भेटायला आलेल्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. देवाची इच्छा. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. त्याची योजना आपल्याला कळत नाही. एकजण तर म्हणाले, घरात काही पाप राहून गेलं असेल तर शोधा. आजी समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, पण उठून आत गेली.

कॉलेजला परत आल्यावर मी भक्तीला जायचं बंद केलं. बायबल ट्रंकेच्या तळाशी, वर कपडे. सोबत्यानं पहिल्या आयतवारी हाक मारली, मी कूस बदलली. दुसऱ्या आयतवारी त्यानं हाक मारली नाही, पण तो उठला, चहा आणला आणि भक्तीची वेळ संपेपर्यंत माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला. एक शब्द नाही. असे बरेच आयतवार गेले. आज हे लिहितानासुद्धा मला भरून येतं.

त्याच वर्षी मराठीच्या पेपरला तुकाराम होता. आमचे सर मूळचे वारकरी घराण्यातले. तुकोबांच्या काळातला दुष्काळ, पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले, दिवाळं निघालं, हे सांगून ते म्हणाले की तुकोबांचे देवाशी भांडणाचे अभंग वाचल्याशिवाय त्यांची भक्ती कळत नाही. त्यांनी काही अभंग वाचले. तुकोबा देवाला निष्ठुर म्हणतात, अगदी तू मेलास असंही म्हणतात. मी हादरलो. आमच्याकडं देवाला असं बोलणं म्हणजे अधर्म. तास संपल्यावर मी सरांच्या मागं गेलो आणि विचारलं, "सर, देवाला असं बोललेलं चालतं?"

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वडिलांचं माहीत होतं. म्हणाले, "तुमच्या बायबलात ईयोब आहे ना? तो वाच. नीट, सगळा वाच."

मला लाज वाटली. मास्तरांचा मुलगा मी, आणि ईयोबाची मला फक्त संडे स्कूलमधली गोष्ट माहीत. श्रीमंत माणूस, सगळं गेलं, धीर धरला, सगळं परत मिळालं, संपलं. मध्ये चाळीसेक अध्याय आहेत हे मी उघडून पाहिलं नव्हतं. त्या रात्री ट्रंक उघडली.

ईयोब धीर वगैरे काही धरत नाही, हे पहिल्यांदा कळलं. तो जन्मलेल्या दिवसाला शाप देतो. देवाला जाब विचारतो, समोर ये म्हणतो. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, त्याचं दुःख बघून बोलत नाहीत. तिथपर्यंत ते चांगले असतात. मग तोंड उघडतात आणि ओट्यावरच्या मंडळींनी मला जे सांगितलं तेच सगळं त्याला सांगतात. तुझंच काही चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही. आणि शेवटी देव येतो तेव्हा तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावतो. म्हणतो, माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही.

हे वाचून झालं तेव्हा सोबत्याचा हरिपाठ सुरू झाला होता. तो सात दिवसांच्या मित्रासारखा वागला होता आणि पुढची चूक त्यानं केलीच नव्हती.

वडील का गेले याचं उत्तर ईयोबालाही मिळत नाही आणि मलाही मिळालं नाही. पण देवाशी भांडायची मुभा मिळाली. भांडायचं तर समोर जावं लागतं, म्हणून मी पुन्हा भक्तीला जायला लागलो. प्रश्नाचा पहिला भाग म्हणाल तर फरक इथं पडला. त्याआधीचा विश्वास घरातनं आलेला होता, घड्याळासारखा किंवा सायकलीसारखा. माझा असा झाला तो या भांडणानंतर. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे, हे मला नंतर कळलं. मी ख्रिस्ती घरात जन्मूनही घर सोडून चाललो होतो, आणि परत आलो तो त्याच पुलावरून.

आता काळाचं. बदललाय.

माझ्या पुतण्याला ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज आला, ख्रिस्ती लोकांनी तांदळाच्या पोत्यावर धर्म विकला असा. त्यानं मला फोन करून विचारलं, "काका, आपल्याला काय मिळालं होतं?" चाळिशीचा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. पणजोबांना पाटी मिळाली, आणि चारचौघांत सतरंजीवर बसायची जागा मिळाली. आणि गेलं काय ते हिशोबानं सांगितलं. आमची भावकी एक, पण त्यात तीन धर्म आहेत. काही घरं हिंदूच राहिली, काही 1956 नंतर बौद्ध झाली, आम्ही ख्रिस्ती. अनुसूचित जातीचा दाखला आणि सवलती कुणाला हे ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश 1950 चा. त्यात आधी पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते, 1956 ला सगळे शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत. गाव तोच, आडनाव तेच, गावकऱ्यांची नजरही तीच, पण दाखला वेगळा. पोत्याचा हिशोब करणाऱ्यांनी हाही करून बघावा.

पण बोट फक्त बाहेर दाखवून मला भागवता येणार नाही. आमच्या मंडळींतही जात मागच्या दारानं आलीच. माझी बायको ख्रिस्तीच, पण तिच्या घराण्याची जुनी जात वेगळी. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडचे पंच कुरकुरले. ख्रिस्तात सगळे एक, हे वचन ज्यांनी आम्हाला पाठ करायला लावलं तेच. लग्न झालं, पण ते दुखणं मी विसरलेलो नाही.

आणि एक गोष्ट मला आजकाल फार अस्वस्थ करते. नव्या पद्धतीच्या सभांमधून सांगतात की विश्वास पक्का असेल तर आजार बरा होतोच, पैसा येतोच. मागल्या वर्षी एका बाईचा तरुण मुलगा गेला. तिला सभेतल्या एका पोरानं माझ्यादेखत सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला. पोरगा वाईट नव्हता, रात्र-रात्र त्यांच्यासाठी धावलेला होता. मी त्याला बाजूला घेतलं, पण मला राग आवरला नाही. मी म्हणालो, "बाळा, तू ईयोबाचा मित्र झालास. घरी जा आणि ईयोब वाच, सगळा वाच." त्याला ते कितपत पोचलं माहीत नाही. दोन आठवड्यांनी तो त्या बाईच्या घरी दळण टाकून आलेला मला दिसला.

त्या सभांना गर्दी असते, ड्रम असतात, गाणी हिंदी-इंग्रजी. तरुणांना ते आवडतं तर आवडू दे. पण 1616 सालापासून, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूच्या मराठी ख्रिस्तपुराणापासून, ओवी-अभंगात ख्रिस्त गाणारी ही आपली भाषा, आणि आमच्या गावच्या देवळात आता आयतवारी दहा-बारा म्हातारी माणसं. पेटीची एक पट्टी बसलीय, तो सूर आम्ही तोंडानं भरतो. गावातली पोरं पुण्याला, मुंबईला. नगर आता अहिल्यानगर झालं. सोबती आणि मी अजून एकमेकांना "नगरला भेटू" असंच म्हणतो. तो दर नाताळाला येतो, फराळाला. मी त्याच्याकडं काल्याला जातो. त्याच्या गावात एका पोरानं त्याला विचारलं म्हणे, नाना, तुम्ही माळकरी असून त्यांच्याकडं जेवता? त्यानं काय उत्तर दिलं ते विचारलं तर म्हणाला, "काय सांगायचं, त्याला घेऊनच येतो पुढच्या खेपेला." आणि खरंच आणलं. पोरानं चार करंज्या खाल्ल्या.

नातू पुण्यात इंग्रजी शाळेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला होता. मी तेविसावं स्तोत्र म्हणत होतो तर मधेच विचारलं, "आजोबा, मेंढपाळ म्हणजे?" मी इंग्रजी शब्द सांगितला, तो लगेच म्हणाला हां, मोबाइलवर चित्र पाहिलंय, गोरा माणूस, हातात वाकडी काठी.

शेजारच्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या. मी त्याला अंधार पडल्यावर घेऊन गेलो. आता कंदील नाही, बॅटरी असते, आणि मेंढ्या बसवण्याचे पैसे धनगराच्या मोबाइलवर येतात. वाघर तीच. मी म्हणालो, "पाव्हणं, पोराला कोकरू दाखवायचंय." त्यानं घोंगडीतनं एक दोन दिवसांचं काढलं आणि नातवाच्या हातात दिलं. पोरगं आधी घाबरलं, मग त्यानं ते छातीशी धरलं. कोकरानं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घेतलं. मागनं मेंढी आली आणि त्याच्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली.

मी म्हणालो, "बघून ठेव."