विदर्भात पळसाचे फोटो काढायला कधी आणि कुठे जावं?

फेब्रुवारीअखेर दोन दिवस वर्ध्याला येताय, तेव्हा पळस फुललेला सापडेल का, असं तुम्ही विचारलंय. हमखास सापडेल. माझं गाव सेलू तालुक्यात आहे. होळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्याकडे ज्याच्या हाती मोबाइल तो पळसाचा फोटो काढतोच. आमच्या घरी तर धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, एकाच पळसाखाली दरवर्षी सगळ्यांचा फोटो होतो. असे बारा फोटो झालेत. पहिल्या चारांत आजी आहे, शेवटच्या दोनांत पुतणी.

पळसासाठी सफारीचे पैसे घालू नका. जंगलात झाडं दाटीनं उभी असतात आणि जिप्सी तुमच्यासाठी थांबत नाही. वावरातला पळस एकटा असतो. त्याच्यामागं मोकळं आभाळ, पुढं पिवळा पडलेला गहू नाहीतर तुरीची खुंटं. सेलूहून हिंगणीमार्गे बोर धरणाकडे जाणारा रस्ता धरा आणि पांदण दिसली की गाडी थांबवा. वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा, नाही कुणी म्हणत नाही. धरणाच्या बाजूला मात्र बोर व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ पासूनचा. तिकडं उजाडण्याआधी पायी फिरू नका.

वेळेचं सांगतो, कारण बहुतेकांचे फोटो तिथंच बिघडतात. सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, साडेआठपर्यंत काम उरका. अकराच्या उन्हात समोरून काढलेला पळस म्हणजे नुसता केशरी डाग, पाकळी वेगळी दिसतच नाही. सूर्य झाडामागं येईल असे उभे राहा, पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. कळीची काळपट मखमल आणि पाकळीवरची चंदेरी लव हवी असेल तर ऊन बाजूनं घ्या. मोबाइलवर फुलाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढा, लाल रंग फार लवकर फाटतो, म्हणजे पाकळीचे बारकावे जाऊन सपाट डाग उरतो.

मग जरा स्वस्थ बसा. पळसाच्या फुलाला वास नाही, त्याचं आमंत्रण रंगाचं आणि मधाचं, तेही पाखरांना. शिंजीर येतात, बुलबुल येतात, भोरड्यांचा थवा उतरला तर झाड नुसतं कलकलतं. भोरडीला पळसमैना म्हणतात ते उगीच नाही. तिनं चोच खुपसली की पराग तिच्या डोक्या-गळ्याला लागतात. फूल स्वतःही पोपटाच्या चोचीसारखं, म्हणून तर संस्कृतात किंशुक. फांद्या मोडू नका. होळीच्या रंगासाठी खाली पडलेली फुलं पुरतात, रात्रभर पाण्यात भिजत घालायची.

शेवटचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. पिवळ्या फुलांचा पळस क्वचित दिसतो. दिसला तर फोटो जरूर काढा, पण ठिकाण कुणाला सांगू नका. त्याच्या सालीनं गुप्तधन सापडतं, असं मानणारे लोक अजून आहेत. काही वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी गावाच्या नावासकट टाकला. महिनाभरात खोडाची साल सगळीकडून सोललेली होती. पुढच्या होळीला ते झाड फुललं नाही, वाळून गेलं.

यंदा दुसरा एक पिवळा पळस दिसलाय. तुम्ही आलात तर सोबत नेईन. कुठं आहे ते इथं लिहिणार नाही.