स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' असं कळतं, पण उठता येत नाही. हे काय असतं? मुद्दाम शिकता येतं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'घरी सांगितलं तर आई कुणाला तरी दाखवायला नेईल, म्हणून सांगितलं नाही.' त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहितेय. बाहेरचं वगैरे काही नसतं हे. अनेकांना होतं, फक्त बोलत कुणी नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. आम्ही पोरं आज्जीजवळ ओळीनं खाली झोपायचो. चौथी-पाचवीत असेन. स्वप्नात मी किटली घेऊन गंगावेशीत दुधाला गेले होते. तिथल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध ज्यांनी प्यालंय त्यांना धार काढताना चरवीत होणारा आवाज माहीत आहे. स्वप्नात धार पडत होती, फेस वर चढत होता, आणि आवाजच नव्हता. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचली. नजर काढून परत वाचली तर अक्षरं भलतीच. तिथं कळलं, मी झोपलेय, शेजारी आज्जी आहे. इतका आनंद झाला की त्यानंच जाग आली. नव्या माणसाचं बहुतेक वेळा असंच होतं, कळलं रे कळलं की झोप मोडते.

पुढच्या वेळी वेगळंच झालं. उठले, दात घासले, दप्तर भरलं, महाद्वार रोडला लागले, आणि पाट्या परत बदलायला लागल्या. म्हणजे उठलेच नव्हते. खरी जाग आली तेव्हा डोळे उघडे, वरचं आढं दिसतंय, आणि बोट हलेना. छातीवर दाब. आवाज फुटल्यावर मी जी ओरडले, त्यानं सगळं घर उठलं.

आत्ती तेव्हा माहेरपणाला आली होती. "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून रंकाळ्यावर गेली असणार ही. बाहेरचं हाय." झालं. आधी मीठमोहरी, मग अंगारा, मग अमावस्येला एका खेड्यातला देवऋषी. निखाऱ्यावर लाल मिरच्या टाकल्या, माझ्या डोक्यावरून घोंगडं घेतलं आणि तो विचारत राहिला, "कोण हाईस तू? नाव सांग." मी माझं नाव सांगितलं. ते त्याला चाललं नाही. तो विचारत राहिला, मी खोकत खोकत तेच नाव सांगत राहिले.

त्यानंतर मी घरात सांगणं बंद केलं आणि रात्री झोपायला भ्यायला लागले. झोप अपुरी झाली की अंग जखडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे त्या धुरीनं दुखणं वाढवलंच.

अंग जखडण्याचं कारण साधं आहे. ठसठशीत स्वप्नं ज्या टप्प्यात पडतात त्याला रेम झोप म्हणतात. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली ती मांडली. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं पळणं अंथरुणातच पळलो असतो. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागाहून. मधल्या वेळात छातीचे स्नायूही ढिलेच असतात, म्हणून दाब वाटतो. श्वास मात्र चालू असतो. डोळेही मोकळे असतात, आणि उठायची किल्ली तिथंच आहे. बोटं हलवायची धडपड सोडा. डोळे जोरात डावी-उजवीकडे फिरवा आणि ठरवून लांब श्वास घ्या. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आज्जीच्या गोधडीत पडल्या पडल्या माझं मीच शोधलं.

पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचलं, की इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली नेमका याच मोकळ्या डोळ्यांचा उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाचा माणूस रेम झोपेत, यंत्रं लावलेली, आणि स्वप्नातून त्यानं आधी ठरलेली डोळ्यांची खूण केली. कागदावर ती उमटली. नंतर स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही हेच स्वतंत्रपणे दाखवलं. ते पान मी कितीतरी वेळ मिटलं नाही.

आत्ती अजून लग्नकार्यात सांगते, "देवऋष्यानं उतरवलं म्हणून पोरगी शिकली." काहीही उतरलेलं नाही. मला आजही स्वप्नात कळतं, आणि मला ते आवडतं. त्या घरात शहाणं बोललं असेल तर आज्जी. ती म्हणायची, "उताणी झोपू नगंस, कुशीवर हो." अंग जखडणं उताणं झोपल्यावर जास्त होतं, हे तिनं न वाचता ओळखलं होतं. आणि भूत काढायच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आईला हे आधी सांगा, बाकीचं नंतर. मीठमोहरी काढते म्हणाली तर काढू द्या, त्यानं कुणाचे डोळे जळत नाहीत.

शिकता येतं का? येतं. दिवसा पाटी वाचून, नजर हटवून परत वाचायची सवय लावा, ती स्वप्नात उतरते. पहाटेकडे रेम लांबत जाते, म्हणून पहाटे थोडा वेळ उठून 'आता स्वप्नात मला कळेल' असं मनाशी घोकत परत झोपायचं. परीक्षेच्या दिवसांत हे करू नका, झोपेचं खोबरं होतं. दिवसा बसल्या बसल्या झोप लागत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील, किंवा झोपेत हातपाय झाडून लागत असेल, तर मात्र झोपेच्या डॉक्टरकडे जा. जागेपणीच भास होणाऱ्या माणसानं तर हा प्रयोग करूच नये.