प्रमाणपत्राच्या आधीही शाळेची जबाबदारी सुरू होते

तुमचा मुलगा दुसरीत आहे, ऑटिझमचे निदान झालेले आहे, आणि शाळा म्हणते की किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणा, नाहीतर विशेष शाळा पाहा. आमच्या मुलीच्या वेळी आम्हालाही नेमके हेच ऐकवले गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही आणि प्रत्येक जिल्ह्याचा कारभार वेगळा असतो, हे गृहीत धरून वाचावे.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा आणि प्रमाणपत्राचा, अर्ज तुम्ही केला असेलच, त्यामुळे त्यात शिरत नाही. मात्र प्रमाणपत्र आणि शाळेची मदत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत, आणि त्या कलमात ४० टक्क्यांची अट नाही. ती अट कलम ३१ मध्ये येते, जिथे ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आणि तिथेही जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे.

आमचे सर्वांत मोठे नुकसान केले ते शिक्षण विभागाच्या एका कार्यालयाने. शाळेत सोयी मिळाव्यात म्हणून केलेला आमचा अर्ज तिथले कर्मचारी हातात घेत, शांतपणे वाचत आणि ‘प्रमाणपत्राशिवाय आवक करता येत नाही’ असे सांगून परत देत. अर्ज फेटाळला असे लेखी कुणी देत नसे, आणि नोंदच नसल्यामुळे वर तक्रार करायलाही आधार राहत नसे. दुसरीकडे रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाची तारीख पुढे जात राहिली, आणि एक पूर्ण शैक्षणिक वर्ष मुलगी शेवटच्या बाकावर चित्रे रंगवत बसली. कार्यालयात माणसे कमी आहेत हे मला मान्य आहे. पण अर्जावर शिक्का मारायला किती माणसे लागतात, हे मला आजही कळलेले नाही.

शेवटी आम्ही तोच अर्ज स्पीड पोस्टाने मुख्याध्यापकांना आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवली, आणि त्यावर काय कारवाई झाली हे माहिती अधिकारात विचारले, ज्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. त्यानंतर कागद हलला. हलला नसता, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याचा मार्ग होता.

अर्जात ‘सहकार्य करावे’ असे मोघम लिहू नका. शिक्षकांजवळची जागा, चित्रांसह सूचना, गोंगाट असह्य झाल्यास थोडा वेळ वर्गाबाहेर जाण्याची मुभा, लेखीऐवजी तोंडी परीक्षा, जादा वेळ, असे एकेक मागा, आणि जे शक्य नसेल त्याचे कारण लेखी मागा. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक तुमच्या गट साधन केंद्राकडून शाळेत कधी येतात, हेही त्याच पत्रात विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पहिली ते पाचवीसाठी १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात ते क्वचित दिसते, पण पत्रात त्याचा उल्लेख केल्याने उत्तराचा सूर बदलतो.

शाळा ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) पालकांनीच स्वखर्चाने ठेवावा’ असे हमीपत्र पुढे करील. माझ्या मते त्यावर सही करू नये. स्वतःहून कुणाला ठेवायचेच असेल, तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडील (विशेष शिक्षक, थेरपिस्ट यांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदणी आधी पाहावी, कारण या क्षेत्रात आठवडाभराच्या कार्यशाळेवर तज्ज्ञ झालेले बरेच आहेत.

प्रमाणपत्राची गरज नाही, असे मात्र मी म्हणत नाही. प्रवास सवलती आणि शिष्यवृत्ती यांसाठी ते लागतेच. ते हाती आले की तात्पुरते आहे की कायमचे हे तपासा, आणि तात्पुरते असल्यास मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नव्या तपासणीची तारीख मागून ठेवा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठीही तेव्हाच अर्ज करा. ऑटिझम त्यात बसतो आणि थेरपीचा काही खर्च त्यातून परत मिळतो.