डबीतला सॉस बॅगेत का सांडतो?

प्रश्न : ताई, जेवणाच्या डब्यात सॉस नाहीतर सॅलडचं ड्रेसिंग वेगळं द्यायचं म्हणून झाकणाच्या छोट्या डब्या आणल्या, पण महिन्याभरातच गळायला लागल्या. मुलीच्या वह्या दोनदा तेलकट झाल्या. डब्याच वाईट आहेत की माझं काही चुकतंय?

उत्तर : वह्या खराब झाल्या की खरंच जीव हळहळतो. पण डब्या लगेच टाकू नका, आधी एक सांगा, सॉस गरम असतानाच भरता का? गरम भरून लगेच झाकण लावलं की आतली वाफ झाकणाला बाहेर ढकलते, मग गार होताना तेच झाकण आत ओढलं जातं आणि रोज असं झालं की मऊ प्लॅस्टिकची पकड सैल होतेच. त्यामुळे आधी पूर्ण गार करा, मग भरा, तेही पाऊणच, काठोकाठ नाही. आणि काठ पुसून घ्या हो, तिथे तेलाचा थेंब राहिला तरी झाकण सरकतं.

एकदा टेस्ट पण करून बघा. डबीत पाणी भरायचं, झाकण लावून उलटी करायची आणि टिश्यूवर दहा मिनिटं ठेवायची. टिश्यू ओला झाला तर त्या डबीत फक्त घट्ट पदार्थ द्या, पातळासाठी फिरकीचं झाकण आणि आत सिलिकॉनची रिंग असलेलीच घ्या. साइज पण बघा, ३० मिली म्हणजे दोन टेबलस्पून, एका माणसाच्या जेवणाला बास होतं. मोठ्या डबीत थोडंसं भरलं की ते दिवसभर आत हिंदकळत राहतं. आणि डबी बॅगेत सुटी टाकू नका, मोठ्या डब्याच्या आतच उभी बसवा म्हणजे गळलीच तरी वह्या वाचतील.

प्रश्न : कितीही घासलं तरी डबीला वास राहतो आणि हात लावला की चिकट लागते.

उत्तर : प्लॅस्टिक तेलाला धरून ठेवतं, म्हणून आधी कोरड्या टिश्यूने तेल पुसून काढा, मगच कोमट पाणी आणि साबण. नुसत्या गार पाण्याने तेल फक्त पसरतं. वास मात्र बहुतेक वेळा रिंगमध्ये असतो, ती काढून धुवायची असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि तिच्या खाली बुरशी धरते. ती काढा, खाच टूथपिकने साफ करा, दोन्ही पूर्ण वाळू द्या आणि रात्रभर झाकण न लावता ठेवा. टोमॅटोचा लालसर डाग राहिला तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही. प्लॅस्टिकला खोल चरे पडले असतील तर मात्र ती डबी बदला, चऱ्यांत घाण अडकते.

प्रश्न : डबीत दही किंवा मेयोनेज दिलं तर दुपारपर्यंत टिकेल का?

उत्तर : गारवा नसेल तर देऊ नका. फ्रिजमधून काढलेलं असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. त्यात डबी छोटी, म्हणजे मोठ्या डब्यापेक्षा ती लवकर गरम होते. द्यायचंच असेल तर डबी रात्रभर फ्रिजमध्ये गार करा आणि सकाळी बर्फाच्या पॅकला चिकटवून ठेवा, गरम भाजीला लागून तर अजिबात नको.