नवाहो मिशन शाळेत रुजू होताय? आधी एवढं सांभाळा

सेंट मायकल्सला (अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, शाळा १९०२ पासूनची) निघालात, छान! पाठ-टाचणं नंतर बघू, आधी घड्याळ. मार्च ते नोव्हेंबर नवाहो नेशन (नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचा स्वायत्त प्रदेश, शाळा तिथेच आहे) उरलेल्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं आणि फोन अधूनमधून चुकीची वेळ दाखवतो. ऑटोमॅटिक बंद करून वेळ हाताने लावा.

वर्गात नवखे हमखास एकाच जागी चुकतात: प्रश्न विचारतात आणि दोन सेकंदांत उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. मूल गप्प म्हणजे त्याला येत नाही असं नव्हे. थांबा. नजर खाली असेल तर तो मान समजा. "इकडे बघ" म्हणून दटावू नका.

- हस्तांदोलन हलकंच. बोट रोखून दाखवू नका.
- कोयोटीच्या (लांडग्यासारखा प्राणी) गोष्टी, दोऱ्याचे खेळ नवाहो रिवाजाने फक्त हिवाळ्यात. एप्रिलमध्ये हौसेने घेतलेत तर घरून नाराजी येणारच.
- केसांवर, घरच्या भाषेवर शेरा नको. जुन्या बोर्डिंग शाळांनी नवाहो मुलांचे केस कापले, त्यांची भाषा बंद पाडली. घराघरांत ते लक्षात आहे.

बर्फ वितळताना कच्च्या रस्त्यावर दुपारी गाडी घालू नका, चाकं रुततात. पहाटे जमीन गोठलेली असताना निघा. आणि सामानात दारू नको, तिथे बंदी आहे.