'कैऱ्या' बिघडल्या, आता काय?

प्रश्न : कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी आमचं बिलांचं सॉफ्टवेअर आहे. देवनागरी जुळवणारा कोड जुन्या भागीदारानं हातानं लिहिलेला. फॉन्ट बदलला की 'कैऱ्या'चं 'कैर्या' होतं. दुरुस्त करू की काढू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : काढा भाऊ! तो कोड एकाच फॉन्टच्या खुणा पाठ करून बसलाय. नव्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे नियम त्याच्याच तक्त्यांत असतात. ते वाचून अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही तयार लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरता येणारा कोड) करते. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरनंही २०१७च्या ५.३ आवृत्तीत सगळीकडे तेच बसवलं. हार्फबझचा परवाना मोकळा आहे, विकायच्या सॉफ्टवेअरलाही चालतो.

मात्र त्याचा सोर्स कोड तुमच्या फोल्डरात चिकटवून त्यात हात घालू नका, नाहीतर पुन्हा तीच रड! लिनक्सवर सिस्टिमची लायब्ररी वापरा, दुरुस्त्या आपोआप येतील. विंडोजवर डीएलएल (लायब्ररीची फाइल) तुम्हालाच इन्स्टॉलरमधून द्यावी लागेल, ताजी ठेवायची जबाबदारीही तुमचीच. ओळी तोडणं हार्फबझ करत नाही. त्यासाठी पॅंगो ही लायब्ररी घ्या.

आणि जुनी बिलं युनिकोडमध्ये (अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) आहेत ना? नसतील तर आधी ती बदला. मग गेल्या हंगामातली बिलं जुन्या-नव्या दोन्हींतून छापून शेजारी ठेवा. रकमेचे रकाने सरकले का, तेही बघा. अडत्या अक्षराआधी आकडा पाहतो.