'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची आहे, पण कशावरून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅबमध्ये टर्बो सी आहे, नोट्सही त्यावरच. घरी तेच टाकू का? पुस्तक कोणतं घेऊ?

घरी टाकू नका. टर्बो सी हा बोरलँड कंपनीचा, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातला कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारं साधन. त्यात 'इंट' (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. दोन इंटमध्ये २०० आणि २०० ठेवून त्यांचा गुणाकार तिसऱ्या इंटमध्ये घ्या आणि छापा, उणे २५,५३६ येतील. आजच्या लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरने तयार केलेला तोच प्रोग्राम बिनचूक ४०,००० दाखवतो. लॅबच्या परीक्षेपुरतं सर सांगतील तसं लिहा. सराव मात्र जीसीसी किंवा क्लँग या दुसऱ्या कंपायलरवरच करा. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल टाकून घ्या, त्यात विंडोजच्या आतच लिनक्स मिळतं आणि त्यावर हे कंपायलर सहज टाकता येतात.

पुस्तक असो वा व्हिडिओ, आधी त्यातला पहिला प्रोग्राम बघा. 'व्हॉइड मेन', 'कोनिओ' हेडर, शेवटी 'गेटसीएच' असं दिसलं की ते साहित्य जुनं समजा. ओळ वाचायला 'गेट्स' वापरलं असेल तर ते मिटूनच ठेवा. आपल्याकडे जागा किती आहे हे या फंक्शनला कळतच नाही, त्यामुळे लांब ओळ आली की ती शेजारच्या मेमरीवर लिहिली जाते. १९८८ मध्ये इंटरनेटभर आपोआप पसरलेला मॉरिस वर्म हा घातक प्रोग्राम ज्या वाटांनी शिरला, त्यातली एक हीच होती. २०११ च्या सी मानकातून (भाषेच्या अधिकृत नियमांतून) 'गेट्स' काढून टाकलं, तरी अजून ते शिकवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकट्याने शिकायला के. एन. किंग यांचं 'सी प्रोग्रॅमिंग : अ मॉडर्न अप्रोच' घ्या, दुसरी आवृत्ती, २००८ ची. आठशेवर पानं आहेत, पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे स्वाध्याय सोडवलेत तर पाया पक्का होतो. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घरोघरी असतं, भाषाही सोपी आहे. फक्त मोठ्या भावाची जुनी प्रत वापरू नका, जुन्या आवृत्त्या टर्बो सी धरून लिहिलेल्या आहेत.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता डिप्लोमा. इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जातात. मराठीत काही आहे का?

आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसची मालिका मराठी आवाजात, फुकट मिळते. लहान लहान पाठ आहेत आणि सगळं जीसीसीवर चालतं. पाठ थांबवत थांबवत स्वतः टाइप करा, नुसतं बघू नका.

कंपायलर मात्र इंग्रजीतच बोलणार. त्याला एक वही करा : आलेला एरर जसाच्या तसा उतरवायचा आणि खाली तो कशामुळे आला ते मराठीत लिहायचं. तेच तेच एरर पुन्हा येतात, त्यामुळे ही वही लवकर कामाला येते.

प्रश्न : पॉइंटरवरचे कितीतरी व्हिडिओ पाहिले. पाहताना कळतं, लिहायला बसलं की गाडी अडते.

मग आणखी व्हिडिओ नकोत. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा चल, एवढं लक्षात ठेवा. कागदावर चौकोन काढा, प्रत्येकाला पत्ता द्या आणि दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन हाताने चालवून बघा. मग तेच 'पायथॉन ट्यूटर' या संकेतस्थळावर टाका. नाव पायथॉनचं असलं तरी तिथे सी चालते आणि मेमरीतले बाण ओळीओळीला हलताना दिसतात.

त्यानंतर मुद्दाम चूक करा. पाच आकड्यांचा ॲरे (ओळीने ठेवलेल्या आकड्यांची रांग) घ्या; सीमध्ये त्याच्या जागा शून्य ते चार अशा मोजतात. आता लूप शून्यापासून पाचापर्यंत, पाच धरून, फिरवा. नुसतं चालवलंत तर सहावा म्हणून कुठलातरी आकडा छापला जाईल आणि सगळं ठीक आहे असंच वाटेल. आता डीबगची माहिती आणि 'ॲड्रेस सॅनिटायझर' हे दोन्ही पर्याय चालू करून कंपाइल करा. प्रोग्राम तिथेच थांबतो आणि कुठल्या ओळीने, कुठल्या ॲरेच्या बाहेर हात घातला ते सांगतो. सीमध्ये ॲरेच्या हद्दीवर पहारा नसतो, ही गोष्ट अशी डोळ्यांनी पाहिली की डोक्यात बसते. सगळे वॉर्निंगही, म्हणजे कंपायलरचे इशारे, कायम चालू ठेवा. शिकणाऱ्याला इतका जागरूक शिक्षक दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : पंधरा वर्षं जावात काम करतोय, आता एम्बेडेडकडे, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांच्या प्रोग्रॅमिंगकडे, वळायचंय. कर्निहन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक कालबाह्य झालंय का?

तुमच्यासाठी नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, आणि १९८८ ची दुसरी आवृत्ती पावणेतीनशेच्या आत पानांत ती पूर्ण मांडते. नवख्याला ते जड जातं, पण ज्याला लूप आणि फंक्शन नव्याने समजवायची नाहीत त्याच्यासाठी इतकं नेमकं पुस्तक नाही. स्वाध्याय वगळू नका. १९९९ च्या मानकाने आणलेले ठरावीक रुंदीचे पूर्णांक त्यात नाहीत, आणि एम्बेडेडमध्ये ते रोज लागतात. त्यासाठी येन्स गुस्टेट यांचं 'मॉडर्न सी' वाचा, त्याची पीडीएफ लेखकानेच मोफत ठेवली आहे. एखादं फंक्शन अडलं तर सीपीपीरेफरन्स हे संकेतस्थळ उघडा; नाव सी प्लस प्लसचं असलं तरी तिथे सीचा वेगळा विभाग आहे.

प्रश्न : 'आय प्लस प्लस' अधिक 'प्लस प्लस आय' याचं उत्तर तीन पुस्तकांत तीन दिलंय. खरं कोणतं?

एकही नाही. दोन्ही तुकडे 'आय' या चलाची (बदलती किंमत ठेवणाऱ्या जागेची) किंमत एकने वाढवतात. एकाच बेरजेत एकच चल असा दोनदा बदलला तर काय व्हावं हे मानकाने ठरवलेलंच नाही, त्यामुळे कंपायलर बदलला की आकडाही बदलू शकतो. त्या तीन पुस्तकांपैकी एखाद्याने हे सांगितलं असेल तर ते ठेवा.